पिकलिंग पेस्ट: काम चोख, पण जेलची ट्यूब हाताशी असेल तरच घ्या

आमचा गाळा गोकुळ शिरगाव एमआयडीसीत आहे. दूध संस्थांच्या स्टीलच्या टाक्या, हॉटेलची सिंक, असली कामं. टिग वेल्डिंग झालं की जॉइंटच्या दोन्ही बाजूंना निळा-तपकिरी पट्टा उठतो. तो तसाच राहिला तर पुढे तिथूनच गंज धरतो, कारण तापल्यामुळे पट्ट्याखालच्या थरातलं क्रोमियम कमी झालेलं असतं. बफिंगचं चाक टाकीच्या कोपऱ्यात पोचत नाही. म्हणून गेली सहा वर्षं मी एकाच कंपनीची पिकलिंग पेस्ट, म्हणजे हा पट्टा ॲसिडने काढणारी पेस्ट, घेतोय, दोन किलोची प्लास्टिकची बरणी.

कामात खोट नाही. ब्रशने लावायची, ३०४ ग्रेडच्या स्टीलला साधारण अर्धा तास ठेवायची, वाळू द्यायची नाही, मग भरपूर पाणी. उभ्या जॉइंटवरूनही ओघळत नाही. वेल्ड एकसारखा स्वच्छ निघतो.

माझा राग लेबलवर आहे. या पेस्टमध्ये नायट्रिक ॲसिडबरोबर हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, आणि बरणीवर कवटीच्या चित्राखाली बारीक इंग्रजीत फक्त एवढंच, की पाण्याने धुवा आणि डॉक्टरला दाखवा. फरशीचं ॲसिड उडालं की लगेच चुरचुरतं, माणूस नळाकडे पळतो. हायड्रोफ्लोरिक कमी तीव्रतेचं असेल तर आधी काहीच जाणवत नाही. ठणका काही तासांनी लागतो, कधी दुसऱ्या दिवशी. तोवर फ्लोराइड कातडीतून आत उतरून कॅल्शियमला धरत जातं, हाडापर्यंत. अंगावर जास्त सांडलं तर रक्तातलं कॅल्शियम उतरतं, हृदयाचे ठोके बिघडतात आणि माणूस दगावू शकतो.

हे मला आमच्या हेल्परच्या बोटामुळे कळलं. हातमोज्याला टाचणीएवढं भोक होतं. संध्याकाळी पोरगं हात धुऊन घरी गेलं. रात्री अकराला फोन, "मालक, बोट लई ठणकाय लागलंय." वरून नुसती लाली. जवळच्या दवाखान्यात भाजल्याचं मलम आणि वेदनाशामक गोळी देऊन परत पाठवलं. पहाटे नखाखाली पांढरं पडलं, तेव्हा मोठ्या रुग्णालयात नेलं. मी बरणी सोबत नेली होती, म्हणून तिथल्या डॉक्टरांना नाव वाचता आलं. त्यांनी कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हातमोज्यात भरून तो मोजा त्याच्या हातात चढवला. नख गेलं, बोट वाचलं.

तेव्हापासून २.५ टक्क्यांच्या कॅल्शियम ग्लुकोनेट जेलच्या दोन ट्यूब नळाशेजारी टांगलेल्या असतात. साध्या मेडिकलमध्ये मिळाल्या नाहीत, मागवाव्या लागल्या. मुदत संपली की बदलायच्या. पोरांना शिकवलंय ते असं: उडालं की दुखो न दुखो, कपडे उतरवून आधी पाण्याखाली. पाच मिनिटं धुतल्यावर जेल लावायचं, लावणाऱ्यानेही हातमोजे घालून. जेल नसेल तर पाणी थांबवायचं नाही. जेल चोळत राहायचं, पुन्हा पुन्हा लावायचं आणि ठणका थांबला तरी दवाखाना गाठायचाच. चुना, सोडा जखमेवर अजिबात नाही. डोळ्यात गेलं तर जेल नाही, किमान १५ मिनिटं वाहतं पाणी आणि धुतल्यावर थेट रुग्णालय. पोटात गेलं तर उलटी करवायची नाही.

वाफेचंही सांगतो, कारण तिकडे कुणी लक्ष देत नाही. नायट्रिकची तपकिरी वाफ छातीत गेली की त्या वेळी नुसता खोकला येतो, पण फुप्फुसात पाणी भरायला काही तासही लागू शकतात. म्हणून टाकीच्या आत पेस्ट लावायला मी आता पोरांना उतरवत नाही. आतलं काम एक्झॉस्ट लावून, बाहेरून लांब दांड्याच्या ब्रशने. चामड्याचे वेल्डिंगचे मोजे या कामाला चालत नाहीत. निओप्रीनचे घ्या, आणि घालण्याआधी फुंकून भोक बघा. धुतलेलं पाणीही गटारात सोडू नका. आमच्याकडे त्यातलं ॲसिड चुन्याने मारून गाळ वेगळा ठेवतो.

पेस्टला पाचपैकी चार, लेबलला शून्य. बरणीसोबत ट्यूब आणि मराठीत सूचनेचा कागद द्या, असं डीलरला लेखी दिलंय. दोन्ही आल्याशिवाय पुढची ऑर्डर जाणार नाही.