धुरकट हेडलाइट : घासावा, नवा लेप द्यावा की बदलावा?

हेडलाइटच्या ज्या भागाला आपण सवयीने काच म्हणतो, तो आजच्या बहुतेक गाड्यांत काचेचा नसतोच. ते पॉलिकार्बोनेट नावाचे प्लास्टिक असते. खडा आदळला तरी ते सहसा फुटत नाही आणि त्याला हवा तसा आकार देता येतो, म्हणून त्याने काचेची जागा घेतली. पण त्यावर ओरखडे पटकन पडतात आणि उन्हातील अतिनील किरणांनी ते पिवळे पडते. म्हणूनच कारखान्यात त्यावर एक अतिशय पातळ, कठीण व पारदर्शक थर चढवलेला असतो. ऊन, वाळू आणि रस्त्यावरची धूळ यांनी हा थर झिजला की त्याखालचे प्लास्टिक उघडे पडते आणि धुरकटपणा सुरू होतो. त्यामुळे प्रत्येक उपायाची पारख एकाच प्रश्नाने करावी, असे माझे मत आहे : काम संपल्यावर त्या प्लास्टिकवर संरक्षक थर उरतो का? पहिल्या दिवशीची चकाकी तर सगळेच उपाय देतात.

मात्र उपाय निवडण्याआधी धुरकटपणा नेमका कुठे आहे, हे पाहायला हवे. हेडलाइट धुऊन त्यावर पाणी ओतावे. ओला असताना तो स्वच्छ दिसत असेल, तर दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे, कारण पाणी तेथील सूक्ष्म खाचा तात्पुरत्या भरून काढते. असा हेडलाइट घासून हमखास सुधारतो. ओला असतानाही तो तसाच मळकट दिसत असेल, आतून बाष्प धरलेले असेल किंवा प्लास्टिकच्या जाडीत कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा दिसत असतील, तर बाहेरून कितीही घासले तरी हात दुखण्यापलीकडे काही साधत नाही.

टूथपेस्टचा उपाय सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा. टूथपेस्टमध्ये बारीक घासणारे कण असतात, त्यामुळे वरवरची पिवळट झाक खरोखरच निघते. पण उरलासुरला संरक्षक थरही थोडा झिजतो आणि त्याच्या जागी नवे काहीच येत नाही. थोड्याच काळात हेडलाइट पुन्हा धुरकटतो. डास पळवण्याचा फवारा मारून पुसण्याची युक्ती तर टाळावीच, कारण त्यातील डीट हे रसायन प्लास्टिकचा पृष्ठभाग मऊ करते, शिवाय तो फवारा शेजारच्या रंगावर उडाला तर तेथेही डाग पडू शकतो.

बहुतेकांसाठी योग्य पर्याय म्हणजे वॉटर पेपरने (ओला करून वापरायच्या बारीक सँडपेपरने; नंबर जितका मोठा तितका तो बारीक) घासून, पॉलिश करून त्यावर अतिनीलरोधक लेप देणे. बाजारातील बऱ्याच किटमध्ये हेच साहित्य असते, पण किट घेताना लेपाची बाटली किंवा लेपात भिजवलेला रुमाल त्यात आहे ना, हे आधी पाहावे. ते नसेल तर ते किट म्हणजे महागडी टूथपेस्टच. भोवतालच्या रंगावर मास्किंग टेपचे दोन थर लावावेत. जुना थर पापुद्र्यांसारखा सुटत असेल तर ८०० नंबरच्या, नाहीतर १००० नंबरच्या पेपरने सुरुवात करून पुढे १५००, २००० आणि ३००० असे चढत जावे. पृष्ठभाग सतत ओला ठेवावा आणि प्रत्येक नंबरला घासण्याची दिशा बदलावी, म्हणजे आधीच्या पेपरचे ओरखडे गेले की नाहीत ते लगेच दिसते. सुरुवातीला ओघळणारे पिवळट पाणी पांढरे दिसू लागले आणि सगळीकडे सारखा मंदपणा आला, की जुना थर निघाला असे समजावे. यात घाईला जागा नाही. मधला एखादा नंबर गाळला तर त्याआधीच्या पेपरच्या रेघा पॉलिशने जात नाहीत. ड्रिलला पॅड लावून पॉलिश करताना ते एका जागी टेकवून ठेवू नये, कारण घर्षणाच्या उष्णतेने प्लास्टिक पोळते. एवढे सगळे करून लेप दिला नाही, तर उघडे प्लास्टिक पूर्वीपेक्षाही लवकर पिवळे पडते. हाताने पुसून लावायचा लेप साधारण वर्ष-दोन वर्षे टिकतो. गाडी कायम उन्हात उभी राहत असेल तर त्याहूनही कमी.

दीर्घकाळ टिकणारा पर्याय म्हणजे हार्डनर (लेप कडक करणारा दुसरा घटक) मिसळून वापरायचा टू-के क्लिअर कोट, म्हणजे दोन घटकांचा पारदर्शक लेप. येथे पॉलिश करायचे नसते. १००० किंवा १५०० नंबरवर थांबावे, कारण लेपाला धरून राहायला किंचित खरखरीत पृष्ठभाग लागतो आणि ते ओरखडे लेपच भरून काढतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून लेपाचे दोन पातळ हात मारावेत. थिनर किंवा ॲसिटोन वापरू नये, त्याने पॉलिकार्बोनेटला भेगा पडतात. नीट जमलेला लेप काही वर्षे टिकतो, पण ओघळ आला, धूळ बसली तर सगळे पुन्हा घासावे लागते. शिवाय लेपातील आयसोसायनेट हे रसायन फुप्फुसांना घातक आहे. साधा कापडी मास्क येथे उपयोगाचा नाही, आणि योग्य रेस्पिरेटर व मोकळी जागा नसेल तर हा मार्ग घरी न धरलेलाच बरा. हे काम रंगकाम करणाऱ्याकडे सोपवता येते.

हेडलाइट पूर्ण बदलण्याचा खर्च मोठा, म्हणून आकडे पाहून ठरवावे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत सुमारे ११ वर्षे जुन्या हेडलाइटचा लो बीमचा प्रकाश नव्याच्या २२ टक्केच भरला. घासून दुरुस्त केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांवर आला, इतर उत्पादकांच्या नव्या हेडलाइटनी ८३ ते ९० टक्के दिले, तर मूळ कंपनीच्या हेडलाइटने तो पूर्ण परतला. रात्री अंधाऱ्या रस्त्यांवर नेहमी गाडी चालवणाऱ्याला हा उरलेला फरक महत्त्वाचा वाटेल. शहरातल्या दिव्यांखाली फिरणाऱ्याला किट पुरेसे आहे. प्लास्टिकच्या जाडीत भेगा असतील किंवा आतले बाष्प हटतच नसेल, तर मात्र बहुधा हेडलाइट बदलावाच लागतो. नवा हेडलाइट आतून-बाहेरून कितीही लख्ख असला, तरी त्याच्या झोताची उंची तपासून घ्यावी लागते, नाहीतर तो रस्त्याऐवजी समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर पडतो. त्याचा दर्शनी भागही प्लास्टिकचाच असल्यामुळे पहिल्याच महिन्यात त्यावर अतिनीलरोधक पारदर्शक फिल्म लावून घेणे सोयीचे, कारण ती खराब झाली की सोलून नवी लावता येते आणि खालचा मूळ थर शाबूत राहतो.