शिट्टीवर थांबणारं घड्याळ : सात महिन्यांचा अनुभव आणि एका वायरीचं दुखणं

फेब्रुवारीतल्या बास्केटबॉलच्या सेमीफायनलला तिसऱ्या क्वार्टरमध्ये रेफ्रीने शिट्टी मारली आणि घड्याळ चालूच राहिलं. त्याने परत मारली, तरी चालूच. मी टेबलावरून हाताने थांबवलं तोवर तीन सेकंदांहून जास्त वेळ गेला होता. पाहुण्या संघाचे कोच टेबलापाशी आले. आवाज चढवला नाही. बोर्डाकडे बघत एवढंच म्हणाले, "सर, हे मशीन तुमच्याच क्लबचं ना?"

ज्याने टेबलावर वर्षं काढली आहेत त्याला या प्रश्नाचा अर्थ सांगायला नको. मी रत्नागिरीत २२ वर्षं बास्केटबॉलच्या टेबलावर टायमर म्हणून बसतोय. यजमान संघ एका गुणाने जिंकला की "घरचं घड्याळ" हा शब्द कुठून तरी येतोच. तो शब्द कायमचा जावा म्हणून शिट्टी ऐकून घड्याळ थांबवणारा हा संच घ्यायचा हट्ट मी धरला होता. सभासदांची वर्गणी, दोन जुन्या खेळाडूंची मदत आणि उरलेले क्लबच्या ठेवीतले, असे मिळून ८४ हजार गेले. तीन रेफ्रींचे पट्ट्याला लावायचे डबे, तीन कॉलर माइक आणि टेबलावरचा रिसीव्हर. घेतला नोव्हेंबरात, हे लिहितोय जूनमध्ये.

ही कल्पना नवी नाही. एनबीएमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, रेफ्री असलेल्या माइक कॉस्टाबिल यांनी ती तिथे अमलात आणली आणि आता फिबाच्या, म्हणजे बास्केटबॉलच्या जागतिक संघटनेच्या, सर्वात वरच्या पातळीच्या सामन्यांसाठी शिट्टीवर चालणारी वेळयंत्रणा साहित्याच्या नियमांतच आहे. आमचा संच त्या दर्जाचा नाही, त्याच तत्त्वावरचा स्वस्तातला आहे. रेफ्रीच्या गळ्याशी माइक, कमरेला डबा. डबा शिट्टीचा सूर ओळखतो आणि रेडिओने टेबलावरच्या रिसीव्हरला कळवतो, रिसीव्हर घड्याळ थांबवतो. परत सुरू करायला डब्यावर बटण.

पहिल्या महिन्यात मी मोबाइलवर सामने चित्रित करून फ्रेम मोजल्या. सेकंदाला ३० फ्रेम. शिट्टीपासून माझ्या अंगठ्याने घड्याळ थांबेपर्यंत ९ ते १८ फ्रेम जात होत्या, म्हणजे ०.३ ते ०.६ सेकंद. मशीनला २, कधी ३ फ्रेम. त्यांतल्या एका सामन्यात ५८ वेळा घड्याळ थांबलं होतं. सरासरी ०.४ धरली तर माझ्या अंगठ्याने २३ सेकंद खाल्ले, जवळजवळ एक पूर्ण शॉट क्लॉक, म्हणजे एका संघाला शॉट मारायला मिळणारे २४ सेकंद. आता कोणी म्हणेल की सुरू करतानाही उशीर होतोच आणि तेवढा वेळ परत मिळतो. एकूण हिशेबात मिळतो, हे खरं आहे. पण जो वेळ एका संघाच्या हातून गेला तो त्याच संघाला त्याच क्षणी परत मिळत नाही. हे आकडे बघून मी दोन रात्री नीट झोपलो नाही. २२ वर्षं मी प्रामाणिकपणेच बसलो होतो, तरी घड्याळ चुकतच होतं.

आता शिट्टी. संच घेणाऱ्यांपैकी बरेच जण इथे चुकतात. आमच्याकडे एका ज्येष्ठ रेफ्रींची आवडती शिट्टी धातूची, आत बोराच्या बीएवढा गोळा असलेली. त्या गोळ्यामुळे सूर थरथरतो, आणि हळू फुंकली किंवा आत थुंकी साचली की गोळा अडकतो. डब्याला शिकवताना प्रत्येक शिट्टी पाच वेळा वाजवून दाखवावी लागते. ही धातूची शिट्टी पाचही वेळा वेगळी वाजली. रॉन फॉक्सक्रॉफ्ट या कॅनडातल्या रेफ्रीची १९८४ साली ब्राझीलमधल्या सामन्यात अशीच शिट्टी अडकली होती. त्यातूनच १९८७ मध्ये बिनगोळ्याची फॉक्स ४० बाजारात आली. तिच्यात तीन पोकळ्या असतात, तीन जवळजवळचे सूर एकदम निघतात आणि ते दर वेळी तसेच निघतात. मशीनला तेच हवं असतं. तेव्हा शिट्टीत काटकसर करू नका. तिन्ही रेफ्रींना एकाच बनावटीची बिनगोळ्याची शिट्टी क्लबच्या खर्चाने द्या. आमच्या ज्येष्ठांनी तीस वर्षांची सवय मोडली याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

प्रेक्षकांच्या शिट्ट्यांनी घड्याळ थांबेल अशी सगळ्यांना भीती होती. मलाही होती. आमचं मैदान उघडं, शेजारी खो-खोचा सराव, तिथेही शिट्टी चालूच. पण माइक गळ्याशी असल्याचा फायदा इथे कळतो. रेफ्रीची शिट्टी माइकपासून वीतभर, शेजारची १५ मीटरवर. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो, या हिशेबाने शेजारची शिट्टी ३५ डेसिबलच्या आसपास हलकी पोहोचते. शिमग्यात पालखी रस्त्याने गेली, ढोल-ताशे दणाणत होते, तरी घड्याळ एकदाही अडखळलं नाही. सात महिन्यांत चुकून थांबलं ते एकदाच. साइडलाइनला उभ्या असलेल्या एका पालकांनी तोंडात दोन बोटं घालून शीळ मारली, नेमका रेफ्री त्यांच्यापासून हातभर अंतरावर होता. त्या दिवसापासून साइडलाइनपासून दोन मीटरवर दोरी बांधतो.

सुरू करायच्या बटणाने मात्र सुरुवातीला फार छळलं. थ्रो-इनवर, म्हणजे रेषेबाहेरून चेंडू आत टाकताना, तो मैदानातल्या खेळाडूला लागला की घड्याळ सुरू व्हायचं, तोच क्षण रेफ्रीने हात खाली आणत बटण दाबायचं. आमचे रेफ्री हात खाली आणायचे आणि बटण विसरायचे. एकदा नऊ सेकंद खेळ चालला आणि घड्याळ जागच्या जागी. म्हणून ठरवलं की टेबलावरच्या टायमरनेही त्याच क्षणी सुरू करायचं, जो आधी दाबेल त्याचं धरायचं. वरच्या पातळीवरही असंच चालतं. दुसरी गोष्ट अशी की चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत बास्केट झाली की घड्याळ थांबवायचं असतं, आणि तेव्हा शिट्टी वाजत नाही. मशीनला ते कळत नाही. ते काम अंगठ्याचंच. त्यामुळे संच घेतला म्हणून टायमरची खुर्ची रिकामी ठेवता येईल असं कुणी समजू नये.

आता वायर. त्या सेमीफायनलला बंद पडला तो डबा घेऊन मी बाजारपेठेतल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या काकांकडे गेलो. माइकची वायर डब्यात शिरते ती साडेतीन मिलिमीटरच्या पिनने, जुन्या हेडफोनला असायची तशी. काकांनी पिन काढून दिव्याखाली धरली आणि म्हणाले, "काय हो सर, समुद्रात बुडवलात काय ही?" सोनेरी मुलामा उडालेला, आतल्या पितळेवर हिरवा कळंक. समईवर चढतो तसा, अगदी जाड.

घरी बायको म्हणाली, आमसूल चोळ, निघेल. समईचं तसंच निघतं. काकांनी ताबडतोब थांबवलं. आमसुलाचा आंबटपणा पिनेच्या खाचेत राहतो आणि पुढे डाख खातो, म्हणाले. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश, एवढंच. त्यांनी पिन कापून नवी डाखली, वरून गरम केल्यावर आवळणारी रबरी नळी चढवली आणि सॉकेट आतून पुसून दिलं. १६० रुपये.

त्याआधी मी कंपनीला फोन केला होता. नवीन वायर ३,९०० रुपये, कुरिअर वेगळं. वॉरंटीत बसत नाही, कारण "तुमच्याकडे खारी हवा आहे". मी विचारलं, मग रत्नागिरीच्या पत्त्यावर बिल फाडताना हवा कुठली आहे ते दिसलं नव्हतं का? त्यावर, डबा तपासायला पाठवा. पाठवला. १९ दिवस गेले. मधल्या सगळ्या सामन्यांना एक रेफ्री माइकशिवाय. परत आला तेव्हा चिठ्ठी होती : "ओलाव्यामुळे नुकसान." हे तर मीच त्यांना सांगितलं होतं. तेव्हा मी जे कुणी विचारेल त्याला सांगत होतो की किनाऱ्यावरच्या माणसाने हे मशीन घेऊच नये, आमच्या किनाऱ्यालगतच्या मिऱ्यावरून येणारा वारा याला चालत नाही.

तेही मत मला आता बदलावं लागतंय, आणि ते स्पष्ट लिहिलं पाहिजे. मार्चमध्ये काकांकडे उरलेल्या दोन वायरीही घेऊन गेलो. कळंक फक्त त्या कापलेल्या पिनेवरच चढला होता. बाकी दोन पिना जवळजवळ नव्यासारख्या. हवा तर तिघींना तीच, मैदान तेच, ठेवायची पेटीसुद्धा एकच. फरक एवढाच की आमचा सर्वात तरुण रेफ्री डबा टी-शर्टच्या आत, अंगाला लावून घालतो. बाकी दोघे पट्ट्यावर बाहेर. म्हणजे पिन खाल्ली ती घामाने. समुद्राचा त्यात थोडाफार हात असेल, पण मुख्य काम घामाच्या मिठाचं. खाऱ्या हवेबद्दल कंपनीशी मी जे भांडलो त्यात ती आणि मी, दोघेही चुकत होतो.

पण यामुळे माझी तक्रार मोठीच झाली आहे. खाऱ्या हवेचं एक वेळ समजून घेतलं असतं. ज्या यंत्राने चाळीस मिनिटं पळणाऱ्या माणसाच्या कमरेला राहायचं, त्याला घामच चालत नाही? रेफ्री पुण्यातही घामाघूम होतो आणि नागपुरातही. ८४ हजारांच्या संचात दहा-वीस रुपयांची उघडी पिन घालायची, स्क्रूने बसणारी रबरी वॉशरची पिन घालायची नाही, ही कसली काटकसर? आवाज ओळखायचं अवघड काम यांनी इतकं सुंदर केलंय आणि सगळं अडतं ते या दाण्याएवढ्या तुकड्यावर. मी हे कंपनीला दोन पत्रांत कळवलं आहे. उत्तर आलेलं नाही.

तरीही संच परत करायचा विचार एप्रिलनंतर मनात आलेला नाही. एप्रिलमध्ये १७ वर्षांखालील मुलींची फायनल होती, आमच्या मुली एका गुणाने पुढे. चेंडू बाहेर गेला, शिट्टी वाजली, बोर्डावर ०.७ सेकंद. माझा अंगठा टेबलावर होता आणि शिट्टी ऐकून तो हललाही, पण घड्याळ आधीच थांबलं होतं. थ्रो-इन पाहुण्या संघाचा. एका उंच मुलीने चेंडू हवेत पकडून तिथूनच फेकला, आत गेला. आमच्या मुली हरल्या.

त्या रात्री मी हिशेब केला. माझ्या अंगठ्याला अर्धा सेकंद लागला असता तर बोर्डावर ०.२ राहिलं असतं. नियमाने ०.३ पेक्षा कमी वेळ असेल तर चेंडू पकडून शॉट मारता येत नाही, नुसता टोलवता येतो. ती बास्केट धरली गेली नसती. आमच्या मुली जिंकल्या असत्या, करंडक आमच्या कपाटात असता, आणि पाहुण्यांच्या बसमध्ये घरी जाईपर्यंत "घरचं घड्याळ" हाच विषय चालला असता. त्यात त्यांची चूक नसती. आमच्या मुली रडत होत्या, मला फार वाईट वाटलं. पण सामन्यानंतर त्यांच्या बाई टेबलापाशी आल्या, रिसीव्हरला हात लावून बघितला आणि विचारलं, "केवढ्याला पडलं हो सर हे? आमच्याकडेही घ्यायचंय." वेळेबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. २२ वर्षांत यजमान म्हणून खेळलेल्या इतक्या अटीतटीच्या सामन्यानंतर असं पहिल्यांदाच घडलं.

त्या बाईंना मी जे सांगितलं तेच घेणाऱ्या सगळ्यांना सांगतो. डबा पट्ट्यावर बाहेर लावायचा, टी-शर्टच्या आत नाही. सामना संपला की पिन काढून कोरड्या फडक्याने पुसायची, रात्रभर डब्यात तशीच ठेवायची नाही. महिन्यातून एकदा अल्कोहोलचा हात. आणि वायरी कंपनीकडून घेऊ नका, गावातल्या दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या, डाख त्याच्या हातचा जास्त टिकतो. आमच्या दुरुस्त केलेल्या वायरीने फेब्रुवारीपासून मेअखेरपर्यंत एकही शिट्टी चुकवली नाही.

आता पाऊस लागलाय, मैदान बंद. संच पापडाच्या मोठ्या स्टीलच्या डब्यात ठेवलाय, बुटांच्या खोक्यांतून जमवलेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसकट. बॅटऱ्या काढून वेगळ्या. काल डबा उघडून तिन्ही पिना भिंगाखाली पाहिल्या, स्वच्छ आहेत. जुलैअखेर आणि ऑगस्टअखेर परत बघणार. शिवाय काकांकडून तीन जादा वायरी करून घेतल्या, ४८० रुपये, आणि प्रत्येकीच्या पाकिटावर मार्करने तारीख घातली.