वापरानंतरचा अनुभव: जुनी ३४ फुटी सेलबोट आणि तिचा पहिला लांब पल्ला

ही बोट घेऊन आता बरेच महिने झाले. एका डोलकाठीची ३४ फुटी स्लूप, फिन कील (बोटीच्या तळाखालचा वजनदार पंखा), पाण्याखाली १.८ मीटर, आत २७ अश्वशक्तीचं डिझेल इंजिन. केबिन किती ऐसपैस आहे, लाकूडकाम कसं आहे, झोपायला किती जणांची सोय आहे, याबद्दल विकत घेण्याआधी हवं तेवढं वाचायला मिळतं. मला हवी होती ती माहिती वेगळीच होती. वापरलेली बोट नव्याने हातात आली, पहिल्यांदाच किनारा नजरेआड करून रात्रभर जायचं आहे, तर आखणी कुठून सुरू करायची आणि त्या आखणीतलं प्रत्यक्ष पाण्यात काय टिकतं? त्यामुळे हा अनुभव बोटीचा आहे तितकाच त्या आखणीचाही.

माझं मत आधीच सांगते. नवीन घेतलेल्या बोटीवर चार्ट, म्हणजे सागरी नकाशा, उघडायच्या आधी बोट उघडावी. फळ्या उचलून, कप्पे रिकामे करून, प्रत्येक नळी कुठून निघते आणि कुठे जाते ते बघून. मार्ग आखायला एक संध्याकाळ पुरते. बोट ओळखायला कित्येक आठवडे लागतात, आणि मार्गावरचा जवळजवळ प्रत्येक आकडा त्या ओळखीतूनच येतो.

वेगाचंच बघा. पाण्याला टेकणारी लांबी फुटांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि १.३४ ने गुणायचं. आमच्या बोटीची ती लांबी २८ फूट, म्हणजे कमाल वेग सुमारे ७.१ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). विक्रीच्या जाहिरातीत हाच सात नॉट ठळक असतो. सामानाने भरलेली, तळाला थोडं शेवाळ धरलेली, ताण हरवलेल्या जुन्या शिडांची बोट त्या वेगाने चोवीस तास कधीच जात नाही. आम्ही पाच नॉट धरले, आणि सोबत चार व सहा नॉटचाही हिशेब मांडला. पल्ला १२० सागरी मैलांचा होता. पाचने २४ तास, चारने ३०, सहाने २०. दुपारी बारा वाजता निघालं तर सगळ्यात लवकर सकाळी आठला पोचणार आणि सगळ्यात उशिरा संध्याकाळी सहाला. तिन्ही वेळा उजेडातच. अनोळखी बंदरात अंधारात शिरायचं नाही, ही अट ठरवली की निघायची वेळ आपोआप ठरते. एवढ्या महिन्यांच्या नोंदी बघता सरासरी पाचच्या आसपासच राहिली आहे, त्यामुळे हा आकडा मी कुणालाही बिनदिक्कत सुचवेन.

समोरचा वारा आला की हा सगळा हिशेब बदलतो. शिडांवर थेट वाऱ्याच्या दिशेने जाता येत नाही, म्हणून वाऱ्याला ४५ अंशांचा कोन ठेवून आलटून पालटून जायचं म्हटलं तर १२० मैलांचे १७० होतात, म्हणजे पाच नॉटने ३४ तास, तेही सतत कललेल्या, आदळणाऱ्या बोटीत. माणसं थकतात ती इथे. म्हणून पहिल्या पल्ल्यासाठी नियम साधा ठेवला: वारा बाजूने किंवा मागून, वाऱ्याच्या जोराच्या बोफर्ट मोजपट्टीवर ४ पर्यंत, म्हणजे ११ ते १६ नॉट, आणि दोन वेगवेगळी हवामान मॉडेलं एकच गोष्ट सांगत असतील तरच निघायचं. अंदाजातला आकडा सरासरीचा असतो. झोत त्याहून ४० टक्क्यांपर्यंत जास्त असू शकतो, आणि शिडावरचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वारा १० नॉटचा २० झाला की दाब चौपट. मेनसेलला (मुख्य शिडाला) रीफ घ्यायचे, म्हणजे वारा वाढल्यावर ते अर्धवट उतरवून लहान करायचे, दोर गुंतत तर नाहीत ना, हे आम्ही आधी धक्क्यालाच बांधलेल्या बोटीवर, शांत सकाळी पुन्हा पुन्हा करून पाहिलं. माझ्या मते सगळ्या तयारीत सर्वाधिक फायदा या सकाळीने दिला.

इंजिनाबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण सेलबोट घेणारे बरेच जण त्याला दुय्यम समजतात. जुन्या डिझेल टाकीच्या तळाशी पाणी साचतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे सूक्ष्मजीव वाढतात आणि त्यांचा काळा, चिकट गाळ बसतो. धक्क्याला उभ्या बोटीत तो गप्प पडून राहतो. बोट समुद्रात हिंदकळू लागली की ढवळून वर येतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद पडतं. तेही बहुतेक वेळा बंदराच्या तोंडाशी, कारण लाटा तिथे उंच होतात आणि इंजिन सुरू करायची वेळही तीच असते. आम्ही टाकीचं झाकण उघडून ती पूर्ण उपसून घेतली. जे निघालं ते बघितल्यावर वाटलं, बोटीवरचा बाकी सगळा खर्च नंतर केला असता तरी चाललं असतं. फिल्टर बदलणं आणि नळ्यांतली हवा काढणं हे बोटीवरच्या आम्हा दोघांनाही आलं पाहिजे, आणि ते डोकं खाली घालून, हलत्या बोटीत, डिझेलच्या वासात करायचं असतं हे धरूनच सराव करावा. समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचं रबरी इंपेलर (पंपातलं फिरतं चक्र) आणि पंख्याचा पट्टा जादा ठेवा. निघायच्या आधी इंजिन काही तास भाराखाली चालवा. धक्क्यावर नुसतं गुरगुरत ठेवून काहीच कळत नाही. आमचं इंजिन प्रवासाच्या वेगाला ताशी अडीच लिटरच्या आसपास पितं. टाकीतला एक तृतीयांश साठा हिशेबात धरायचाच नाही, हे आम्ही पाळतो.

खोली दाखवणाऱ्या यंत्राचा मुद्दा छोटा आहे, पण नव्या मालकाने पहिल्याच दिवशी तपासावा असा. पडद्यावरचा आकडा पाण्याच्या पृष्ठभागापासूनचा आहे, सेन्सरपासूनचा, की कीलच्या तळापासूनचा? आधीच्या मालकाने काय बसवून ठेवलंय ते विचारण्यापेक्षा दोरीला वजन बांधून मोजून घ्यावं. पाण्याखाली १.८ मीटर असलेल्या बोटीत हा फरक म्हणजे तरंगणं आणि रुतणं यांतला फरक. भरतीचा अंदाज आम्ही बाराव्या हिश्शाच्या नियमाने करतो: सहा तासांत पाणी अनुक्रमे १, २, ३, ३, २, १ हिस्से चढतं. तीन मीटरची भरती असेल तर पहिल्या तासात फक्त २५ सेंटीमीटर, तिसऱ्या आणि चौथ्या तासात ७५-७५. उधाणाला आणि भांगाला (सर्वांत कमी भरतीच्या दिवसांत) हे आकडे बरेच वेगळे येतात, त्यामुळे त्या त्या दिवसाचं भरतीचं कोष्टक समोर हवंच. आणि ओहोटीचं पाणी बाहेर येत असताना समोरून वारा आत येत असेल, तर उथळ मुखाशी लाटा उभ्या भिंतीसारख्या होतात. खोली पुरेशी असली तरी तेव्हा आत शिरू नये.

चार्टप्लॉटर (इलेक्ट्रॉनिक नकाशावर बोटीची जागा दाखवणारं यंत्र) उत्तम आहे, मला फार आवडतो, पण त्याच्यावर रेघ ओढून झाली की काम झालं असं समजू नका. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये व्होल्वो ओशन रेस या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीतली टीम वेस्टास विंडची बोट हिंदी महासागरात कारगादोस काराहोसच्या खडकांवर वेगाने चढली. व्यावसायिक खलाशी, अद्ययावत उपकरणं. पण नकाशाच्या ज्या प्रमाणावर त्यांनी मार्ग पाहिला होता, त्यावर तो धोका दिसतच नव्हता. तेव्हापासून आम्हीच काय, अनेक जण एक गोष्ट करतात: मार्गाची सगळी रेघ, मैलामागून मैल, सर्वांत मोठ्या, म्हणजे सर्वाधिक तपशील दाखवणाऱ्या प्रमाणावर सरकवत बघायची. कंटाळवाणं आहे, पण केलंच पाहिजे. त्याच वेळी वाटेतल्या आसऱ्याच्या जागा लिहून काढायच्या आणि प्रत्येकीसमोर ती कोणत्या दिशेच्या वाऱ्यात निरुपयोगी ठरते तेही. आसरा म्हणून नोंदवलेलं बंदर त्या वाऱ्यात उघडं पडत असेल तर तो आसरा नव्हे.

प्रवासाची आखणी ही ऐच्छिक हौस नाही, हेही सांगायला हवं. समुद्रावरच्या जीवितसुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय सोलास कराराच्या पाचव्या प्रकरणातल्या ३४ व्या नियमाने ती १ जुलै २००२ पासून बंधनकारक आहे आणि काही देश छोट्या खासगी बोटींनाही तो लावतात. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शक ठरावात चार टप्पे दिलेत: माहिती जमवणं, आखणी, अंमलबजावणी आणि सतत देखरेख. आमचा सगळा आराखडा दोन पानांत बसला. त्याची एक प्रत किनाऱ्यावरच्या विश्वासू व्यक्तीकडे होती, अमुक वेळेपर्यंत निरोप आला नाही तर कुणाला फोन करायचा या सूचनेसह.

वापरलेल्या बोटीसोबत आधीच्या मालकाची कागदोपत्री ओळखही येते, ती बदलायचं अनेकांच्या लक्षात येत नाही. ४०६ मेगाहर्ट्झचा ईपर्ब (संकटात उपग्रहामार्फत इशारा देणारं यंत्र) आधीच्या मालकाच्या नावावर नोंदलेला असेल, तर संकटात तो वाजल्यावर बचाव केंद्र फोन त्यांना करणार. व्हीएचएफ रेडिओतला, बोटीची ओळख सांगणारा नऊ आकडी एमएमएसआय क्रमांकही तपासा. बऱ्याच संचांत तो वापरणाऱ्याला पुन्हा बदलता येत नाही, विक्रेत्याकडे किंवा कंपनीकडेच न्यावा लागतो, त्यात वेळ जातो. लाइफराफ्टची (फुगणाऱ्या जीवरक्षक तराफ्याची) सर्व्हिसिंगची तारीख, आपोआप फुगणाऱ्या लाइफजॅकेटांचे सिलिंडर, सगळं बघा. राफ्टबद्दल मात्र एक गोष्ट मनात पक्की असू द्या. १९७९ च्या फास्टनेट या शिडाच्या बोटींच्या शर्यतीतल्या वादळात १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले. २४ बोटी खलाशांनी सोडून दिल्या आणि त्यातल्या १९ नंतर तरंगत्या सापडल्या. बोट पायाखालून जात असेल तरच तिला सोडायचं. त्याहून आधीची खबरदारी म्हणजे बोटीवरून पडायचंच नाही. अंगावरचा हार्नेस ज्यांना अडकवतात त्या डेकवरच्या सेफ्टी पट्ट्या उन्हाने कुजतात, त्या आम्ही दिसायला ठीक असूनही नव्या घेतल्या. रात्री कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या जागेत, येतानाच हार्नेस अडकवायचा, यात सूट नाही.

विजेचा हिशेब सगळ्यात जास्त डोळे उघडणारा निघाला. ऑटोपायलट सरासरी ३ अँपिअर, फ्रिज २.५, प्लॉटर १, रेडिओ, एआयएस (जहाजांना रेडिओवरून एकमेकांची जागा कळवणारी यंत्रणा) आणि बाकी उपकरणं मिळून १, दिवे अर्धा. एकूण ८, म्हणजे दिवसाला १९२ अँपिअर-तास. आमच्या लेड-अॅसिड बॅटऱ्या ३०० च्या, पण त्यांचं आयुष्य टिकवायचं तर निम्म्याच वापरायच्या, म्हणजे १५०. फ्रिज बंद केला की खर्च १३२ वर येतो आणि गणित जमतं. बंद केला. त्याशिवाय आलटून पालटून हाताने सुकाणू धरलं, आणि बोट वाऱ्याला कशी वागते ते कळायला त्याहून चांगला मार्ग नाही.

रात्रीच्या पहाऱ्याबद्दल थोडंच. कॉकपिटमधून डोळ्यांची उंची पाण्यापासून दोन मीटर धरली तर क्षितिज फक्त तीन मैलांवर असतं. वीस नॉटचं मालवाहू जहाज हे अंतर नऊ मिनिटांत तोडतं. त्यांचे उंच दिवे त्याआधी दिसतात, पण धुरकट हवेत त्यावर विसंबता येत नाही. तीन-तीन तासांचा पहारा आणि दर काही मिनिटांनी चहूबाजूंना नजर, हे आम्हाला झेपलं. एआयएसने फार आधार दिला. मात्र आमच्यासारख्या बोटींचा साधा क्लास बी संच दोनच वॅटचा आणि दर ३० सेकंदांनी संदेश देणारा असतो, त्यामुळे समोरच्याला आपण दिसतोच असं धरून चालू नये. डोलकाठीच्या टोकावरचा तिरंगी दिवा फक्त शिडांवर असताना. इंजिन सुरू केलं की खालचे दिवे आणि समोरचा पांढरा. उलटीवरचं औषध निघायच्या आधी घ्यावं, आणि ते आपल्याला झोप आणतं का हे किनाऱ्यावरच तपासावं.

आता बोटीच्या तक्रारी. पुढच्या हॅचमधून (डेकवरच्या झडपेतून) गळती आहे, पण ती फक्त नाळेवरून, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावरून, लाट येते तेव्हाच, त्यामुळे पाहणीत कुणालाही दिसली नव्हती. कलल्यावर एका बाजूचे ड्रॉवर उघडतात. मागून येणाऱ्या लाटांत ऑटोपायलट फार धडपडतो, तिथे माणूसच हवा. आपत्कालीन टिलर (चाक निकामी झालं तर सुकाणू फिरवायचा दांडा) बसतो, पण चाकाच्या खांबामुळे पुरता फिरत नाही. तो आता कापून नव्याने बनवून घेतला आहे. डोलकाठीच्या तारा मात्र जाणकाराने वरपर्यंत चढून तपासल्यावर, वय बघून, आम्ही आधीच बदलल्या होत्या, आणि त्या रात्री झोतात त्यांच्याकडे बघून जी स्वस्थता वाटली तिच्यासाठी तो खर्च पुन्हा करेन.

बोट वाईट आहे का? अजिबात नाही. वारा बाजूचा, एक रीफ घेतलेला मेनसेल आणि थोडं गुंडाळलेलं पुढचं शीड, अशी ती तासन्‌तास हलक्या हाताने धरता येते. दोन माणसांना पेलेल अशी याहून मोठी बोट मी घेणार नाही. पुढचा पल्ला याच्या दुप्पट आहे. त्याआधी सुकाणूच्या दांड्याचं खालचं बुश (दांडा ज्यात फिरतो ती बाही) बदलायचं आहे, तिथे किंचित खेळ जाणवतो. त्यासाठी बोट पाण्याबाहेर काढावी लागेल, म्हणून तळाचा रंगही तेव्हाच उरकणार आहोत.