व्हायबर्नमचे कुंपण : दीड वर्षाचा अनुभव

लंडनच्या नैर्ऋत्येस असलेल्या आमच्या घराच्या मागील बागेत लाकडी फळ्यांचे कुंपण वादळाने आडवे झाल्यावर त्या जागी ऑक्टोबरमध्ये व्हायबर्नम टायनसची रोपे लावली, त्याला आता अठरा महिने झाले. भूमध्य समुद्राच्या परिसरातील हे झुडूप बारमाही हिरवे राहते आणि इतर बाग झोपलेली असताना फुलते, एवढ्याच कारणासाठी ते निवडले होते. आठ मीटर लांबीसाठी ‘ईव्ह प्राइस’ या आटोपशीर वाढीच्या वाणाची १४ रोपे साठ-साठ सेंटीमीटरवर लावली.

वाढीबाबत घाई असणाऱ्यांनी हे झाड घेऊ नये. लावताना गुडघ्यापर्यंत असलेली रोपे आज कमरेच्या जरा खाली आहेत, त्यामुळे शेजारच्या स्वयंपाकघराची खिडकी अजून आम्हाला पूर्ण दिसते. आमची जमीन चिकणमातीची असून उताराच्या टोकाला पाणी साचते. तेथील दोन रोपांची पाने पहिल्याच हिवाळ्यात पिवळी पडली आणि एक रोप मेले. त्या जागी मातीचा उंचवटा करून नवे रोप लावले, ते मात्र तग धरून आहे.

खरी चूक माझ्या हातून छाटणीत झाली. लहानपणी गावी मेंदीचे कुंपण कधीही, कोणत्याही बाजूने कापलेले पाहिले होते. त्याच सवयीने सप्टेंबरमध्ये रस्त्याकडील बाजू कात्रीने सपाट केली. या झुडपाच्या कळ्या उन्हाळा संपता संपता फांद्यांच्या टोकांवर धरतात, हे तेव्हा ध्यानात घेतले नाही, आणि परिणामी हिवाळ्यात घराकडील बाजू गुलाबी कळ्या व पांढऱ्या गुच्छांनी भरलेली असताना रस्त्याकडची बाजू केवळ हिरवी राहिली. छाटणी फुले ओसरल्यावर, म्हणजे वसंताच्या अखेरीस करायची असते. तो नेमका पक्ष्यांच्या विणीचा काळ असल्याने आधी आत घरटे नाही ना, हे पाहावे लागते. वापरात असलेले घरटे जाणूनबुजून मोडणे येथे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. काटकोनात कापलेली हिरवी भिंत हवी असेल, तर दुसरे झाड पाहावे.

दुसरी तक्रार व्हायबर्नम भुंगेऱ्याची. मागच्या मे महिन्यात पाने चाळणीसारखी झाली, तेव्हा मी गोगलगायींना दोष देत होतो. पाने उलटल्यावर काळ्या ठिपक्यांच्या पिवळसर अळ्या सापडल्या. कुरतडलेल्या, ओल्या पानांना जो कुबट वास येतो, तो बसायच्या बाकाजवळ नकोसा होतो, म्हणून बाक आम्ही हलवला. फवारणी केली नाही. भुंगेरे कोवळ्या फांद्यांच्या सालीत अंडी घालतात, त्यामुळे काळपट फोडांच्या रांगा दिसलेल्या फांद्या हिवाळ्यात कापून टाकल्या.

फळे मात्र अपेक्षेपेक्षा सुंदर निघाली. त्यांचा धातूसारखा निळा रंग सालीतील स्निग्ध पदार्थाच्या सूक्ष्म थेंबांच्या रचनेमुळे दिसतो, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. आमच्याकडे ती अद्याप मोजकीच धरली.

सध्या एप्रिल चालू आहे. रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन मी पाने उलटून पाहतो. काल उताराकडच्या तिसऱ्या झुडपावर पहिल्या चार अळ्या मिळाल्या.