वेंगुर्ल्यातील जुन्या वखारीतली खानावळ: तळमजला उत्तम, माळा फसलेला

वेंगुर्ल्याच्या बाजारपेठेत अनेक वर्षे कुलूपबंद पडलेल्या एका व्यापारी वखारीत आता खाली खानावळ आणि मागच्या अर्ध्या भागातील माळ्यावर मुक्कामाच्या खोल्या सुरू झाल्या आहेत. जेवणाबद्दल थोडक्यात सांगायचे तर तिरफळे घातलेले बांगड्याचे तिखले उत्तम, सोलकढी ताज्या नारळाची आणि दर बाजारातील इतर खानावळींपेक्षा चढे आहेत. मात्र येथे खरोखर पाहण्यासारखे आहे ते इमारतीचे रूपांतर, आणि ते खाली जितके साधले आहे तितके वर साधलेले नाही.

तळमजल्यावर वास्तुविशारदाने फारशी ढवळाढवळ केलेली नाही. मालाच्या थप्प्या लावण्यासाठी बांधलेले दालन मध्ये भिंती न घालता अखंड ठेवले आहे. जांभ्याच्या चिऱ्यांवरून सुटलेला गिलावा खरवडून पुन्हा चुन्याचाच गिलावा केला आहे, आणि वाळवीने खाल्लेल्या तुळईचे भिंतीत शिरणारे टोक तेवढे कापून तेथे नवे लाकूड सांधले आहे. तो सांधा रंगाखाली लपवलेला नाही. काळपट जुने आणि पिवळसर नवे लाकूड शेजारी शेजारी दिसते. गाड्यांतून माल उतरवण्यासाठी ठेवलेला रुंद दरवाजा तसाच राखल्यामुळे वारा समोरून शिरून मागच्या पडवीतून निघून जातो, त्यामुळे दुपारीही पंखा लावावासा वाटत नाही. पुढच्या भागावर माळा नसल्याने काचेच्या कौलांतून येणारा उजेड थेट ताटावर पडतो.

माळ्यावर मात्र शहरी हॉटेलाची सवय आड आली आहे. भिंतींना सिमेंटचा गिलावा आणि त्यावर प्लास्टिक रंग दिला आहे. जांभा सच्छिद्र असतो. तो पावसात ओल शोषतो आणि उघडीप मिळताच सोडतो. वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस झेलणाऱ्या या किनाऱ्यावर ती वाट सिमेंटने बुजवली, की ओल क्षारांसह आतच साचते. उशाकडच्या भिंतीवर रंगाला आत्ताच फुगे आले आहेत आणि कोपऱ्यात पोपडे सुटू लागले आहेत. कौलांखाली जिप्समचे सपाट छत टाकल्याने एखादे कौल सरकून गळती लागली तरी ती वेळीच कळणार नाही, मग शाकारणी करणाऱ्याने तरी काय पाहावे?

तरीही या उपक्रमाला गिऱ्हाईक मिळायला हवे. याच गावातील सतराव्या शतकातली डच वखार मोडकळीस आली आहे. वापरात नसलेल्या इमारतीचे कोकणच्या पावसात काय होते, हे तेथे दिसते. मालकांनी वरचा सिमेंटचा गिलावा काढून चुन्याचा करून घ्यावा. खालचेच कारागीर ते काम करू शकतील.

माळ्याचा लाकडी जिना उभा असून त्याला एकाच बाजूने कठडा आहे, त्यामुळे वयस्कर मंडळींनी केवळ जेवणासाठी जाणे बरे. मुक्काम करायचाच असेल तर पावसाळा टाळावा आणि पडवीच्या बाजूची खोली मागून घ्यावी. तिला दोन खिडक्या आहेत.