कोल्हापूरचं हॉटेल बुकिंग आणि माझे ४७,९९५ रुपये

एकूण ४७,९९५ रुपये गेले. दुपारी १:२० ते १:५८, अडतीस मिनिटांत. चारही वेळा पिन मी स्वतःच्या हाताने टाकला. पाचव्यांदाही टाकला होता, पण खात्यात तेवढे उरले नव्हते म्हणून ते वाचले. नाव लिहीत नाही, कारण ऑफिसात अजून कोणाला सांगितलेलं नाही. मी तेवीस वर्षं अकाउंट्समध्ये आहे. लोकांची बिलं तपासणं हेच माझं काम.

दिवाळी संपली की सहाजणींनी कोल्हापुरात भेटायचं, असं जुलैपासून ठरत होतं. शिवाजी विद्यापीठाच्या हॉस्टेलवर एकत्र राहिलेल्या, १९९९ ला एम.कॉम. झालेल्या आम्ही. दोघी कोल्हापुरातच आहेत, तिघी पुण्यात, एक सोलापूरला. ९ आणि १० नोव्हेंबर २०२४, शनिवार-रविवार. अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं देवीच्या मूर्तीवर पडतात तो सोहळा, नेमका त्याच दिवसांत. कोल्हापूरच्या दोघी घरीच राहा म्हणत होत्या, पण एकीच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आणि दुसरीचं घर दोन खोल्यांचं. आम्हा चौघींसाठी दोन खोल्या बघायचं काम मी अंगावर घेतलं. प्रत्येकीचे २,४०० रुपये माझ्या खात्यावर जमा झाले. म्हणजे बुडाले त्यात मैत्रिणींचेही होते, आणि हेच मला जास्त लागलं.

रंकाळ्याजवळचं एक हॉटेल मैत्रिणीने सुचवलं होतं. खरं, चालू, चांगलं हॉटेल. मंगळवारी, ५ तारखेला, जेवणाच्या सुट्टीत मी मोबाइलच्या नकाशावर ते शोधलं आणि तिथे दिसलेल्या नंबरवर फोन लावला. मी कुठल्या लिंकवर क्लिक केलं नव्हतं, कोणाचा अनोळखी फोन उचलला नव्हता. फोन मी केला होता. सावधगिरीच्या ज्या सूचना आपण वर्षानुवर्षं ऐकतो, त्यातली एकही मी मोडली नव्हती. नकाशावरच्या ठिकाणाचा नंबर कोणीही ‘दुरुस्ती’ सुचवून बदलू शकतो, हे तोवर मला कोणी सांगितलेलं नव्हतं.

माणूस नम्र होता, ताई ताई करत बोलत होता. किरणोत्सवामुळे दोनच खोल्या उरल्यात म्हणाला, आणि ते खरं वाटण्यासारखंच होतं. खोलीला रात्रीचे २,४००, दोन खोल्या, दोन रात्री, ९,६००. निम्मे आधी. खोल्यांचे फोटो आले, लोगो असलेली पावतीही आली. मी ४,८०० पाठवले. समोर नाव हॉटेलचं नव्हतं, कोणा व्यक्तीचं होतं. विचारलं, तर मालकांच्या मुलाचं खातं आहे म्हणाला. पाच मिनिटांनी त्याचाच फोन आला: अर्धी रक्कम सिस्टीम घेत नाहीये, पूर्ण भरा, आधीचे ४,८०० लगेच परत येतील. मी ९,६०० भरले.

मग ते ४,८०० परत मिळवण्यासाठी ‘रिफंड टोकन’. रकमेच्या चौकटीत १४३९८ टाका, ही रक्कम नाही, तुमचा टोकन नंबर आहे, असं तो म्हणाला. मी १, ४, ३, ९, ८ असे आकडे दाबले आणि अ‍ॅपने आपोआप मध्ये स्वल्पविराम घातला. १४,३९८. पुढे रुपयाचं चिन्ह. तो स्वल्पविराम मी पाहिला. आजही डोळे मिटले की तो दिसतो. टोकन नंबरात स्वल्पविराम कुठे असतो? आयुष्यभर व्हाउचरवर रकमा लिहिणाऱ्या बाईला हे कळू नये? कळलं होतं. अर्धा सेकंद अंगठा थांबला होता. पण तो कानाशी सतत बोलत होता: ताई, टोकन साठ सेकंदांचाच असतो, टाइम आउट होईल. समोर डबा उघडा, दोन वाजता मीटिंग. मी पिन टाकला.

पैसे गेल्याचा मेसेज आला, तर म्हणाला सर्व्हर अडकलाय, आता नवीन टोकन १९१९७, दोन्ही रकमा एकदम परत येतील. इथे लोक म्हणतात, एकदा गेल्यावर पुन्हा कशाला टाकले? सांगते. तोवर २८,७९८ रुपये त्याच्याकडे होते. ते परत देऊ शकणारा तो एकटाच माणूस आहे आणि फोन ठेवला तर सगळंच गेलं, असं वाटत होतं. तिसरा टोकन टाकल्यावर अ‍ॅपवर आलं, खात्यात पुरेशी रक्कम नाही. टोकन नंबराला शिल्लक कशाला लागते? तेव्हा माझे हातपाय गार पडले.

संध्याकाळी ती पावती नीट पाहिली. महाराष्ट्रातला जीएसटी क्रमांक २७ ने सुरू होतो, हे मी झोपेतही सांगेन. पावतीवरचा होत नव्हता. रोज शंभर बिलांवर जे तपासते, ते स्वतःच्या पावतीवर पाहिलं नाही. आणि बोली! दोन वर्षं कोल्हापुरात काढली आहेत मी. तिथला माणूस ‘या की ताई, काय काळजी करू नका’ म्हणेल. हा ‘आपण येऊ शकता’ म्हणत होता. रंकाळ्यावरून हॉटेलकडे कुठून वळायचं, एवढं विचारलं असतं तरी तो अडकला असता. तुम्ही विचारा. आणि पैसे येताना पिन कधीच लागत नाही, कधीच नाही.

१९३० वर, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, तिसऱ्या प्रयत्नात फोन लागला. तिथल्या बाईंनी चारही व्यवहारांचे बारा आकडी क्रमांक शांतपणे लिहून घेतले, तक्रार क्रमांक मेसेजवर आला. ते क्रमांक हाताशी ठेवूनच फोन करा, शोधण्यात वेळ जातो आणि तेवढ्यात पैसे पुढच्या खात्यात सरकतात.

बँकेत मात्र दुसऱ्या दिवशी दीड तास बसवून काउंटरवरच्या मुलाने सगळ्यांदेखत विचारलं, “मॅडम, पिन तुम्हीच टाकलात ना? मग फ्रॉड कसा?” रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक मी वाचून गेले होते. त्यात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही, असं होतं, पण ते ग्राहकाच्या संमतीशिवाय झालेल्या व्यवहारांना. मला फसवून माझ्याकडूनच पिन टाकून घेतला, तर ती संमती? आयुष्यात कधी जेवणाच्या सुट्टीत अर्ध्या तासात चार वेळा पैसे न पाठवणाऱ्या खात्यातून असे व्यवहार झाले, तर बँकेला एक फोन करता येत नाही? कार्ड विकायला तर रोज करतात. त्याने तक्रार अर्ज घेतला, पोच द्यायला नकार दिला. मी पोच घेतल्याशिवाय उठले नाही.

पोलीस ठाण्याचं तर बोलायलाच नको. पहिल्या दिवशी सांगितलं, हॉटेल कोल्हापूरचं, तिकडे तक्रार करा. मी म्हटलं, पैसे मी इथे बसून पाठवलेत. मग म्हणाले, ऑफिसची हद्द वेगळी, घराची वेगळी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी माहिती घ्यावीच लागते, हे मी वाचून दाखवलं. तेव्हा समोरचे हवालदार म्हणाले, “ताई, २० तारखेला मतदान आहे, आम्ही बंदोबस्तात आहोत.” दुसऱ्या दिवशी नवीन कारण: आयटी कायद्याचा तपास निरीक्षक दर्जाच्याच अधिकाऱ्याला करता येतो आणि साहेब बैठकीला गेलेत. दोन तास बाकावर. शेवटी साध्या अर्जावर शिक्का मारून दिला, गुन्हा नोंदवला नाही. जाता जाता एकाने ऐकवलं, “शिकलेली माणसं असून तुम्ही...” हे वाक्य मी विसरणार नाही. शिकलेल्या माणसाला फसवणं हा कमी गुन्हा आहे का?

मैत्रिणींना मी शुक्रवारी सांगितलं. तोवर येणंच रद्द करायच्या विचारात होते. त्यांनी रद्द करू दिलं नाही म्हणजे नाहीच. दोन खोल्यांच्या त्या घरात सहाजणी खाली सतरंजी टाकून झोपलो. शनिवारी सकाळी आम्ही त्या हॉटेलात गेलो. व्यवस्थापकाने चहा मागवला आणि वही दाखवली. त्याच आठवड्यात अशी पावती घेऊन आलेली मी पाचवी. नकाशावरचा नंबर त्यांनी पुन्हा पुन्हा दुरुस्त केला, पुन्हा पुन्हा बदलला गेला. दारावर त्यांनी खरा नंबर मोठा लिहून लावलाय, पण पुण्यातल्या माणसाला तो दार गाठेपर्यंत कसा दिसणार? म्हणून गावात कोणी ओळखीचं असेल, तर त्याला हॉटेलात जाऊन खोली ठरवायला सांगा. माझ्या दोन मैत्रिणी तिथून वीस मिनिटांवर होत्या. मी त्यांना त्रास नको म्हणून सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी किरणोत्सवाला त्या पाचजणी रांगेत पुढे गेल्या आणि मी महाद्वाराबाहेर कानाला फोन लावून बँकेच्या रेकॉर्डवरचं संगीत ऐकत उभी होते.

तक्रारीनंतर ९,६०० रुपये परराज्यातल्या एका खात्यात गोठवले गेले. ते सोडवायला तेव्हा न्यायालयाचा आदेश लागत होता, वकिलांनी ५,००० सांगितले. बाकीचे ३८,३९५ त्याच दुपारी काढले गेले होते. तिघींचे २,४०० मी परत केले, त्या घेत नव्हत्या तरी.

एक लक्षात ठेवा, समोरच्याशी झालेल्या संभाषणाचे स्क्रीनशॉट तेव्हाच काढा. दुसऱ्या दिवशी त्याने सगळे मेसेज आणि फोटो पुसून टाकले होते. पोलिसांना दाखवायला ती पावती तेवढी उरली, तीही मी आमच्या ग्रुपवर टाकली होती म्हणून. खाली लिहिलं होतं, ‘झालं गं बुकिंग, बॅगा भरा.’