पहिलं तारेचं कोडं घेताना आधी जोड बघा

एकमेकांत अडकवलेली, युक्तीने सोडवून वेगळी करायची धातूची कोडी पाकीट उघडून हातात घेऊ देणारं दुकान मुंबईत मला एकच माहीत आहे. अब्दुल रहमान स्ट्रीटला लागून असलेल्या गल्लीत, खेळण्यांच्या दुकानांच्या रांगेत. आम्हां लालबागकरांना करी रोडहून मशीद स्टेशनला उतरून चालत जायला सोयीचं. मालक गल्ल्यावरून उठत नाहीत. "काका, उघडा पाकीट, बघून घ्या नीट," एवढंच म्हणतात. ऑनलाइन मागवताना नेमकं हेच करता येत नाही, आणि नवशिक्यासाठी घेताना याच्याइतकं महत्त्वाचं दुसरं काही नाही.

माझी सगळी नोकरी टूलरूममध्ये, म्हणजे कारखान्यात डाय (धातूचे साचे) बनवतात त्या विभागात, डाय फिटर म्हणून झाली. त्यामुळे अशी वस्तू हातात आली की नजर आधी जोडावर जाते. स्वस्तातल्या पाकिटांत जाड तार वाकवून कड्या केलेल्या असतात. चांगल्या कडीची टोकं भिडवून वेल्ड केलेली असतात, वर कानस फिरवलेली असते, बोटाला काही लागत नाही. वाईट कडीची टोकं नुसती जवळ आणून सोडलेली. मग होतं काय, पोरगं नेट लावतं, तार जराशी फाकते, कडी निघून येते. घरातले टाळ्या वाजवतात. पण कोडं सुटलेलं नसतं, आणि ओढलं की निघतं एवढंच पोराच्या डोक्यात बसतं. पुढचं प्रत्येक कोडं ते ओढूनच बघणार. म्हणून पहिलं कोडं असं घ्यावं की ज्याच्यापुढे जोर चालतच नाही, आणि ज्याचा प्रत्येक भाग डोळ्यांना दिसतो.

या हिशोबाने त्या दुकानातला माझा पहिला नंबर पिळलेल्या दोन खिळ्यांना. दोन सारखे जाड खिळे, दोघांना एकेक वेढा, एकमेकांत अडकवलेले. वेढ्याजवळची फट खिळ्याच्या जाडीपेक्षा किंचितच मोठी असते. एका खिळ्याची फट दुसऱ्याच्या अंगावर बरोब्बर आली तरच वाट मिळते, एरवी नाही. आमच्या चाळीतल्या सातवीतल्या मुलीला मी ते दिलं तेव्हा तिने आधी दोन्ही हातांनी ताणून पाहिलं. मग ताणणं आपोआप थांबलं. एक खिळा तिने डाव्या हातात स्थिर धरला आणि दुसरा अगदी हलका, चिमटीत धरून फिरवायला लागली. फिरवताना कुठे अडतं आणि कुठे सैल होतं ते ती बोटांनी चाचपत होती. सुटल्यावर म्हणाली, "आजोबा, हे आता परत अडकवू कसं?" मला हाच प्रश्न हवा होता. सोडवणं कधीकधी चुकून होतं. परत अडकवता आलं म्हणजे वाट खरंच कळली.

दुसरा नंबर घोड्याच्या नालांचा. दोन नाल टोकाला टोक लावून आखूड साखळ्यांनी जोडलेले आणि मधे एक कडी. नाल उघडे असले की कडी दोन्हीकडून अडते. ते एकमेकांवर दुमडून पाहायला हवं, याच्या पुढचं मी सांगणार नाही. विकत घेताना साखळीचे दुवे नीट बंद आहेत ना तेवढं तपासा.

सुतळी किंवा दोरी असलेली कोडी मात्र सुरुवातीला नकोत. दोरी वाकते, कुठूनही जाते, नवशिका दोन चुकीच्या फेऱ्या मारतो आणि मूळ गुंता काय होता तेच कळेनासं होतं. धातू आपला आकार सोडत नाही.

काउंटरमागच्या काचेच्या कपाटात हानायामा या जपानी कंपनीची ओतीव कोडीही आहेत. ती बरीच महाग पडतात. पण जस्ताच्या मिश्रधातूचं डाय-कास्टिंग, म्हणजे साच्यातलं ओतकाम, इतकं स्वच्छ की हातात घेऊन मला आमची टूलरूम आठवते. ओढून ती फाकत नाहीत. डब्यावर एक ते सहा अशी अवघडपणाची पातळी छापलेली असते आणि ती मनावर घ्यावी. 'हुक' पहिल्या पातळीचं आहे, दोनच तुकडे, सुरुवातीला उत्तम. 'एनिग्मा' दिसायला देखणं, पण पातळी सहा. वाढदिवसाला कुणी हौसेने तेच उचलतं आणि मग ते वर्षानुवर्षं शोकेसमध्ये पडून राहतं.

दांड्यावर ओळीने कड्या असलेलं चिनी कड्यांचं कोडंही इथे मिळतं. फार जुनं कोडं आहे, इटलीतल्या कार्दानो या गणितज्ञाने 1550 च्या ग्रंथात त्याचं वर्णन केलंय. एका वेळी एकच कडी हलवली तर पाच कड्या उतरवायला कमीत कमी 21 चाली लागतात आणि नऊ कड्यांना 341. काढलेली कडी पुढची काढण्यासाठी परत चढवावी लागते, आणि इथेच पोरं कंटाळतात. खिळे आणि नाल झाल्यावर पाच कड्यांचं घ्या. नऊचं दुकानदाराने कितीही आग्रह केला तरी राहू द्या.

तक्रार एकच, आणि ती मालाबद्दल आहे. स्वस्त पाकिटांतल्या तारेच्या कापलेल्या टोकांना प्लेटिंग नसतं. आपल्या पावसाळ्यात तिथूनच गंज धरतो, मग कड्या खरखरतात आणि सरकायच्या जागी अडकतात. शिवणाच्या मशीनच्या तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन पुसून ठेवा. टोकाला बर, म्हणजे कापताना राहिलेली धारदार कड, असेल तर मुलांच्या हातात द्यायच्या आधी पॉलिश पेपर मारा. घरात अगदी लहान मूल असेल तर सुट्या कड्या त्याच्या हाती लागू देऊ नका.

आणि पाकिटात उत्तरांचा कागद असतो, तो दुकानातच काढून खिशात ठेवा. जाताना दुपारी लवकर जा, संध्याकाळी त्या गल्लीत हातगाड्यांमुळे उभं राहायलाही जागा नसते, मग पाकीट उघडून जोड बघणं राहूनच जातं.